सात नंबर

ढमाल्यांची जीप परत आली, नऊ वर्षांनी.
ऑइलची काडी ओढली तर टोकाला दुधाळ चहा,
रेडिएटरमध्ये बुडबुडे.
म्हटलं, हेड उतरवावं लागेल.
ते म्हणाले, मागच्या वेळी इलाहीमामांनी बसवलं होतं,
तसंच बसव.

मागच्या वेळी मीही होतो.

नाना पेठेत शटरं अर्धी खाली आली,
समोरचा स्पेअरवाला चिल्लर मोजायला बसला,
तेव्हा मी बॉनेट काढून भिंतीला टेकवलं.
नट सोडायचे ते कडेकडून आत,
पाव पाव फेरा,
एकट्यावर भार यायला नको.

दहा स्टड. कंपनीचे बोल्ट नव्हेत.
टर्बो बसवल्यापासून बोल्ट ताणले जायचे,
ताम्हिणी चढताना हेड श्वास सोडायचं,
म्हणून मामांनी भोसरीच्या टर्नरकडून
काळ्या पोलादाचे करून आणले,
वर्तमानपत्रात गुंडाळून, अंड्यांसारखे.
म्हणाले, हे बोटांनी बसवायचे.
तळाला टेकले की थांबायचं.
भोकात तेल साचू द्यायचं नाही, ब्लॉक आतून तडकतो.
आवळायचा तो नट. स्टड नाही.

मी एकोणीस वर्षांचा.
तीस, साठ, नव्वद. मधून बाहेर, तीन फेऱ्या.
पाना कट् म्हणाला की पुढचा.
सातवा मागे, फायरवॉलच्या कुशीत,
तिथं हात वाकडा घालावा लागतो.
तिसऱ्या फेरीला तो लोण्यात फिरावा तसा फिरला.
फिरतच राहिला.
भोक साफ करताना टॅप मीच तिरका घातला होता.

पाना कट् म्हणेना.
मग मीच म्हणालो.
तोंडाने, जीभ टाळूला लावून. कट्.

मडगार्डापलीकडे मामा.
कानाला स्क्रूड्रायव्हर लावून
कुठला टॅपेट किती सैल ते सांगणारा माणूस.
झाले दहा?
झाले.
जा मग घरी. लाइट मी बंद करतो.

सकाळी जीप गेलेली होती.
मामांच्या करंगळीला चिंधी.
मी विचारलं नाही.
नऊ वर्षं, पौडकडचं गिऱ्हाईक आलं
की माझं पोट आत जायचं.

तर आज हेड सरळ वर येईना,
मागचे स्टड काढल्याशिवाय जागाच होत नाही.
दोन नट एकमेकांवर आवळले,
खालच्याला पाना लावला.
वाटलं, सातवा हातातच येईल, किडक्या दातासारखा.
आला तो आट्याआट्याने,
सावकाश, अंगभर तेल लावलेला.

टॉर्च धरली.
भोकात नवं अस्तर.
आट्यांची तारेची स्प्रिंग,
काठापासून अर्धा आटा खाली, जशी हवी तशी.
हे करायचं तर हेड पुन्हा उतरवावं लागतं,
एकट्याने, रात्री,
गॅस्केट दुसरं लागतं.
बिलात एकच होतं.
बिल मी लिहिलं होतं.

(जळालं होतं ते दोन आणि तीनच्या मधलं.
सातचा त्यात काही संबंध नव्हता.)

मंगळवारी हेड फेसिंग होऊन आलं.
मामा आता कोंढव्यात लेकीकडे असतात.
फोन केला. ढमाल्यांची जीप खोललीय, म्हटलं.
कोण ढमाले?
मामा, सात नंबरला तुम्ही
पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू. मग:
वॉशरखाली तेल लावलंस का?
लावलं.
मग फोन कशाला करतोस?

तीस. साठ.
सातव्याला हात वाकडा घातला,
कोपर घासलं त्याच जागी.
नव्वदला पाना बोलला.
मी ओठ मिटून होतो.

पोरगा म्हणाला, झाले का दहा?
म्हटलं, नाही.
अजून तीन आहेत. बॅटरी नीट धर.